सन कोरल उघडत नाही, फेदर डस्टरने पिसारा टाकला: रीफ टँकमध्ये खाणं नक्की कसं द्यायचं?

समुद्रफेस (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. रीफ टँकमधल्या (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातल्या) कोरल्सना, म्हणजे प्रवाळांना, आणि पाणी गाळून खाणाऱ्या जिवांना खायला घालण्याबद्दल नेमका सल्ला हवा आहे. "कमीच द्या" किंवा "भरपूर द्या" एवढ्यावर भागत नाहीये, म्हणून सगळे आकडे देते.

टँक ९० × ५० × ५० सें.मी., खाली संप (फिल्टरची जोडटाकी). संप धरून आणि दगड-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण २५० लिटर. खारेपणा ३५ पीपीटी, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०. नायट्रेट २० पीपीएम, फॉस्फेट ०.२२ पीपीएम. मासे चारच: क्लाउनफिशची जोडी, रॉयल ग्रामा, वॉचमन गोबी. शिवाय दोन क्लीनर श्रिंप. कोरल्समध्ये टॉर्च, हॅमर, अ‍ॅकन, डंकन, झोआ, एक मॉन्टीपोरा आणि दहा-बारा तोंडांची सन कोरलची वसाहत. एक मोठा फेदर डस्टरही आहे (पिसाऱ्याने पाणी गाळून खाणारा, नळीत राहणारा किडा).

सध्या रोज संध्याकाळी कोरल पावडर सुमारे १ ग्रॅम, पंप चालू ठेवूनच पाण्यात सोडते. आठवड्यातून दोनदा फ्रोजन मायसिसचे (कोळंबीसारखे बारीक जीव) दोन क्यूब.

लक्षणं अशी: सन कोरल दिवसभर मिटलेलं असतं, दोन तोंडांमधलं मांस ओसरून पांढरा सांगाडा दिसतोय. फेदर डस्टरने पिसारा टाकला, नवा आला तो जेमतेम निम्मा. अ‍ॅकन रात्री मायसिस घेतं आणि सकाळी बाहेर टाकतं. काच दोन दिवसांत हिरवी होते. खाणं कमी करू की वाढवू? आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवायचा का?

---

खारं_पाणी

ताई, दोन्ही करा. पावडर जवळपास बंद आणि नेमून देणं वाढवा. काच हिरवी होतेय म्हणजे पाण्यात पोषण मुबलक आहे; सन कोरलचं मांस ओसरतंय म्हणजे ते त्याच्या तोंडापर्यंत जात नाहीये.

आधी पावडरीचा हिशोब बघा. कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो असं धरलं तर १ ग्रॅममागे १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. २५० लिटरमध्ये ते ०.१२ पीपीएम होतं. प्रथिनं ५० टक्के धरली तर त्याच एका ग्रॅमातून शेवटी १.४ पीपीएम नायट्रेट तयार होऊ शकतं. हे सगळं पाण्यात राहत नाही. काही मासे खातात, काही शेवाळ आणि जिवाणू घेतात, काही स्किमर काढतो, काही दगडात मुरतं. पण रोजची आवक एवढी असेल तर फॉस्फेट ०.२२ असणं अगदी साहजिक आहे. पंप चालू असताना टाकलेली पावडर बघता बघता ओव्हरफ्लोमधून फिल्टर सॉकमध्ये (गाळायच्या पिशवीत) जाते आणि तिथे कुजत बसते.

आता कोणाला काय लागतं. तुमची सन कोरल सोडून बाकी सगळी कोरल्स प्रकाशावर जगतात. त्यांच्या पेशींतलं शैवाल त्यांना साखर पुरवतं, म्हणजे ऊर्जेची बरीच सोय होते. पण नवं मांस बांधायला लागणारा नायट्रोजन, फॉस्फरस, स्निग्धाम्लं यांतला मोठा भाग ती पकडलेल्या खाण्यातून मिळवतात. म्हणून खाणं मिळालेलं अ‍ॅकन किंवा डंकन भराभर नवी तोंडं काढतं. खाणं न मिळालेलं मरत नाही, पण वाढ अगदी मंद राहते.

आकार सगळ्यांत महत्त्वाचा. टॉर्च, हॅमर, अ‍ॅकन, डंकन, सन कोरल ही मोठ्या तोंडाची मंडळी. त्यांना मायसिस, बारीक चिरलेली कोळंबी, आर्टेमिया (ब्राइन श्रिंप) चालतात. मॉन्टीपोराच्या तोंडात मायसिस मावतच नाही. त्याला १०० ते ३०० मायक्रॉनचे रोटिफर (सूक्ष्म प्लवक प्राणी) किंवा तेवढेच कण लागतात, आणि तुमच्या चार माशांची विष्ठा त्याला बऱ्यापैकी पुरते. झोआ बहुधा मायसिस धरून ठेवत नाहीत, त्यांच्यावर क्यूब वाया घालवू नका. फेदर डस्टरचा मामला आणखी बारीक आहे, तो आपले सभासद 'गाळणी' सांगतीलच.

द्यायची पद्धत अशी. दिवे मंद झाल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. अ‍ॅकनच्या तोंडाभोवती बारीक दोरे बाहेर आलेले दिसले की ते तयार आहे. पहिल्यांदा स्किमर बंद करा, मग रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर आणणारा), मग वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप). हा क्रम उलटा करू नका. रिटर्न पंप थांबला की वरचं पाणी संपमध्ये उतरतं, तिथली पातळी चढते आणि चालू असलेला स्किमर कप भरून बाहेर सांडतो. माशांना आधी थोडं खाऊ घाला, म्हणजे ते कोरलच्या तोंडातून ओढून नेणार नाहीत. मग लांब नळी लावलेल्या सिरिंजने तोंडापासून दोन-तीन सें.मी. वर मायसिस अलगद सोडा. जोरात पिचकारी मारली की कोरल मिटतं.

अ‍ॅकनला प्रत्येक तोंडाला दोन-तीन मायसिस, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. टॉर्च-हॅमरला तोंडामागे तीन-चार, आठवड्यातून एकदा. डंकन काहीही दिलं तरी घेतं, म्हणून त्याला जास्त देण्याचा मोह होतो, तो आवरा. सकाळी गोळा बाहेर येतो त्याचं नेहमीचं कारण एकच, घास मोठा किंवा घास फार. पचायच्या आत दुसरा भरला की दोन्ही बाहेर येतात. टॉर्चला कोळंबीचा मोठा तुकडा तर कधीच देऊ नका, आत न पचता सडला तर आजूबाजूचं मांसही जातं.

पंधरा-वीस मिनिटांत वेव्हमेकर आणि रिटर्न चालू. स्किमर तासा-दीड तासाने, आणि त्यासाठी टायमरच लावा, आठवणीवर सोडू नका. तेलकट खाद्यानंतर स्किमरचा फेस काही तास बसतो. तेव्हा त्याची सेटिंग हलवू नका, तो आपोआप पूर्ववत होतो.

---

भरती_ओहोटी

सन कोरलबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या टँकमध्ये सगळ्यांत घाईचं प्रकरण तेच आहे. ट्यूबास्ट्रियामध्ये, म्हणजे सन कोरलमध्ये, प्रकाशावर जगणारं शैवाल नसतंच. जे खाल्लं तेवढ्यावरच ते जगतं, आणि आठवड्यातून दोनदा पाण्यात फिरणाऱ्या क्यूबमधून त्याच्या वाट्याला काहीच येत नसणार. मिटलेलं आहे म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून उघडायला बळ नाही, हे चक्र आधी तोडायला हवं.

वसाहत लहान दगडावर असेल तर ती खाण्यापुरती बाहेर काढणं सगळ्यांत सोपं. दीड-दोन लिटरचा पारदर्शक डबा टँकमधलंच पाणी भरून टँकमध्ये तरंगत ठेवा, म्हणजे तापमान बदलत नाही. त्यात पाण्याखालूनच दगड सरकवा. मायसिस वितळल्यावर खाली उरलेल्या पाण्याचे पाच-सहा थेंब डब्यात टाका आणि वीस ते तीस मिनिटं शांत राहू द्या. वासाने पिवळी बोटं बाहेर येऊ लागतात. पहिल्या दिवशी अर्धवटच उघडेल. तेव्हा अख्खं मायसिस न देता ताजी आर्टेमिया किंवा अगदी बारीक चिरलेलं मायसिस त्या अर्धवट तोंडांवर ठेवा. रोज एकाच वेळी हे केलं की साधारण आठवड्याभरात ते त्या वेळेला स्वतःहून उघडू लागतं. मग प्रत्येक तोंडाला दोन-तीन मायसिस. झालं की दगड परत जागेवर आणि डब्यातलं पाणी बेसिनमध्ये. टँकमध्ये एक कणही सांडत नाही, त्यामुळे तुमचा फॉस्फेटचा प्रश्न न वाढवता रोज खाऊ घालता येतं.

डब्याचा दुसरा फायदा क्लीनर श्रिंपपासून सुटका. ते कोरलचं तोंड उघडून आतलं मायसिस खेचून काढतात, आणि त्या झटापटीत मांस फाटतं. दगड हलवता येत नसेल तर पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापा, कड घासून बोथट करा आणि टोपीसारखा वसाहतीवर ठेवा. बाटलीच्या तोंडातून सिरिंज घाला आणि अर्धा तास टोपी तशीच राहू द्या. अ‍ॅकनसाठीही हीच युक्ती चालते.

मांस भरेपर्यंत रोज किंवा दिवसाआड, पुढे आठवड्यातून किमान तीनदा, आणि एकही तोंड उपाशी ठेवू नका. शेजारच्या तोंडाने खाल्लं तर आपलंही भागेल असं मानून काही तोंडं वगळली जातात आणि नेमकी तीच आक्रसतात. जागा सावलीची हवी. उजेडाने कोरलचं काही बिघडत नाही, पण उघड्या सांगाड्यावर केसाळ शेवाळ चढलं की मांस परत त्यावर पसरू शकत नाही. सांगाडा मऊ ब्रशने आत्ताच साफ करून ठेवा. बुडाशी नव्या पिवळ्या कळ्या दिसल्या की खाणं पुरतंय असं समजा.

झोआ जवळ असतील तर काम हातमोजे घालूनच करा, काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. आणि हे कोरल कधीही समुद्रात सोडू नका. ट्यूबास्ट्रिया ब्राझीलच्या किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात परकं म्हणून पसरलं आहे आणि तिथल्या स्थानिक जिवांची जागा घेतं.

---

गाळणी

फेदर डस्टर. पिसारा टाकणं म्हणजे लगेच मरण नव्हे. प्रवास, खारेपणातला अचानक बदल, माशाने चावणं, काहीही झालं तरी तो टाकतो आणि काही आठवड्यांत नवा काढतो. पण प्रत्येक नवा पिसारा आधीच्यापेक्षा लहान असेल तर ती उपासमारच. नळी रिकामी वाटली तरी लगेच काढून टाकू नका. घाण वास आला किंवा किडा बाहेर लोंबत असला तरच काढा.

हे किडे पिसाऱ्यावर आलेले कण आकाराने निवडतात. सगळ्यांत बारीक तोंडाकडे जातात, मधले नळी बांधायला वापरले जातात, मोठे टाकून दिले जातात. तुमच्या पावडरीचे दाणे त्या तिसऱ्या गटात जात असणार. त्याला २ ते १५ मायक्रॉनचं जिवंत सूक्ष्म शैवाल द्या: नॅनोक्लोरॉप्सिस २ ते ४, आयसोक्रायसिस ४ ते ६, टेट्रासेल्मिस १० ते १४ मायक्रॉन. नॅनोमध्ये ईपीए (ओमेगा-३ स्निग्धाम्ल) चांगलं असतं पण पेशीभित्तिका कडक. आयसोमध्ये डीएचए (तसंच दुसरं स्निग्धाम्ल) जास्त. म्हणून एकाच बाटलीवर न राहता दोन-तीन जातींचं मिश्रण घ्या.

प्रमाण: २५० लिटरला जिवंत, गडद हिरव्या कल्चरचे (पाण्यात वाढवलेल्या शैवालाचे) १५ मि.लि. रोज, दिवे गेल्यावर. दोन आठवडे नायट्रेट-फॉस्फेट बघा, मग हळूहळू ५० मि.लि.पर्यंत जा. हे घट्ट पेस्टला लागू नाही! पेस्टचा एक मि.लि. कल्चरच्या कितीतरी पट असतो, तिथे बाटलीवरचं प्रमाणच पाळा. एकदम ओतण्यापेक्षा डोसिंग पंपाने रात्रभरात सहा-आठ वेळा थोडं थोडं दिलेलं केव्हाही सरस, कारण गाळून खाणारा जीव साठवून खात नाही, त्याला सतत थोडं लागतं. यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) असेल तर तेवढ्या वेळापुरता बंद, फिल्टर सॉक काढून ठेवा. वेव्हमेकर मात्र चालू हवा, नाहीतर पिसाऱ्यापर्यंत काही पोचणारच नाही. पिसारा सतत एका बाजूला वाकलेला दिसला तर प्रवाह जास्त आहे, जागा बदला.

एका गोष्टीवर खारं_पाणी यांच्यापेक्षा माझं मत थोडं वेगळं. ते म्हणतात मॉन्टीपोराला माशांची विष्ठा पुरते. चार लहान मासे २५० लिटरमध्ये फार नाहीत. आठवड्यातून दोनदा रात्री रोटिफर दिले तर फरक दिसतो.

---

समुद्रफेस (न्यू जर्सी)

मनापासून आभार. तीन शंका उरल्या. फॉस्फेट खाली आणायला जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) लावू का? मायसिस वितळल्यावरचं पाणी धुवून टाकतात ते बरोबर की नाही, कारण इथे तेच सन कोरलला द्यायला सांगितलंय? आणि इथल्या दुकानात डेंड्रोनेफ्थिया (एक मऊ कोरल) आणि फ्लेम स्कॅलप (एक शिंपला) आले आहेत. शैवाल देणारच आहे तर ते आणावेत का?

---

खारं_पाणी

जीएफओ लावा, पण डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, आधी आरओ पाण्याने धुवून. फॉस्फेट एकदम पाडलं तर मॉन्टीपोराची कड पांढरी पडते. दोन-तीन दिवसांनी मोजत राहा, महिनाभरात ०.१ च्या आसपास आलं तरी उत्तम. खाली आल्यावर पुन्हा थोडं चढेल, कारण दगड आणि वाळूत मुरलेलं फॉस्फेट परत सुटतं. तेव्हा घाबरून मात्रा दुप्पट करू नका. आणि शून्यावर तर मुळीच नेऊ नका. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य झालेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकट थर येण्याचा धोका असतो आणि तो काढणं हिरव्या काचेपेक्षा फार जड जातं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ ही पट्टी ठेवा.

हॅना चेकर (फॉस्फेट मोजायचं यंत्र) वापरत असाल तर तो फॉस्फरसचा आकडा दाखवतो की फॉस्फेटचा ते तपासा. पीपीबीमध्ये फॉस्फरस दाखवणारा असेल तर ३.०६६ ने गुणा आणि हजाराने भागा. ७२ आलं तर ते ०.२२ पीपीएम.

मायसिसचं पाणी: गाळून टाकलंत तर थोडा फायदा आहे, पण फॉस्फरसचा बहुतेक वाटा खाद्यातच असतो. धुण्यावर फार विसंबू नका. न खाल्लेलं मायसिस दहा मिनिटांत पिपेटने उचलून घेणं त्यापेक्षा जास्त कामाचं. सन कोरलचे थेंब डब्यात पडतात आणि ते पाणी फेकलंच जातं, म्हणून तिथे अडचण नाही.

खाणं नीट पोचू लागलं की कोरल्स सांगाडाही जास्त बांधतील, म्हणून महिनाभर अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा बघा. ८.४ वरून ७.५ कडे घसरू लागली तर डोस वाढवा.

---

गाळणी

दोन्ही आणू नका. डेंड्रोनेफ्थिया दिसायला अप्रतिम, पण प्रकाशावर जगत नाही. १९९५ मध्ये लाल समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते मुख्यतः वनस्पती-प्लवकांवर जगतं असं दिसलं. म्हणजे त्याला चोवीस तास, जोरदार प्रवाहात, दाट शैवाल हवं. तेवढं पुरवायला सतत चालणारा डोसिंग पंप आणि रोज मोठ्या प्रमाणात जादा पोषण बाहेर काढणारी व्यवस्था लागते. सर्वसाधारण टँकमध्ये ते काही आठवडे ते काही महिन्यांत विरघळतं. फ्लेम स्कॅलपही असाच हळूहळू उपाशी मरतो, आणि दगडाच्या फटीत जाऊन मेला तर कळत नाही, अमोनिया तेवढा वाढतो. सी अ‍ॅपल (एक समुद्रकाकडी) कोणी देऊ केलं तर तेही नको. आजारी पडल्यावर किंवा पंपात अडकल्यावर त्याचं विष माशांना मारतं.

शैवाल घरी वाढवणं अवघड नाही. दोन लिटरच्या बाटलीत १.०२० च्या आसपासच्या घनतेचं खारं पाणी घ्या. साध्या, सुगंध नसलेल्या ५ टक्के ब्लीचचा १ मि.लि. प्रति लिटर घालून रात्रभर ठेवा, सकाळी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन मारा आणि चाचणीत शून्य आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग एफ-बाय-टू (सूक्ष्म शैवालासाठीचं) खत बाटलीवरच्या प्रमाणात आणि एक-चतुर्थांश बाटली स्टार्टर कल्चर. हवेसाठी तळापर्यंत जाणारी कडक नळी, एअरस्टोन नको, तो तुंबतो आणि फेस करतो. साधा पांढरा एलईडी १६ तास, २० ते २५ अंश तापमान. सात ते दहा दिवसांत गडद हिरवं झालं की तीन-चतुर्थांश काढा, उरलेल्यातून पुन्हा सुरू. काढलेलं फ्रिजमध्ये, रोज एकदा हलवून, दोन-तीन आठवडे टिकतं. पिवळट झालं, तळाशी गुठळ्या झाल्या किंवा सडका वास आला तर टँकमध्ये न घालता ओतून द्या. हलक्या रंगाचं कल्चरही घालू नका, त्यात न वापरलेलं नायट्रेट-फॉस्फेट खत शिल्लक असतं आणि ते सरळ टँकमध्ये जातं.

रोटिफर वाढवणार असाल तर ते दुसऱ्या खोलीत, वेगळ्या नळ्या आणि वेगळ्या भांड्यांत. एक थेंब शैवालाच्या बाटलीत उडाला की ते सगळं शैवाल खाऊन टाकतात. पाणी फिकट हिरवं राहील एवढं शैवाल त्यांना रोज द्या आणि रोज पाव हिस्सा ५३ मायक्रॉनच्या जाळीतून गाळून काढा.

---

किनारा_सिंधुदुर्ग

हे भारतातून वाचणाऱ्यांसाठी. सगळी कठीण रीफ-प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किल्ल्याभोवती जी प्रवाळं आहेत तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. ओहोटीला हाताशी येतंय म्हणून तुकडा किंवा प्रवाळ लागलेला दगड उचलणं गुन्हा आहे. परदेशातून आणलेल्या कठीण कोरलला साइट्सची (वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं लागतात, दुकानदाराकडून ती मागून घ्या. आपल्याकडे मऊ कोरल ठेवणाऱ्यांनी वरची शैवालाची पद्धत जरूर वापरावी. फक्त एप्रिल-मेमध्ये खोली तिशीच्या वर गेली की नॅनोचं कल्चर बसतं, तेव्हा बाटल्या गार पाण्याच्या टबमध्ये ठेवा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवापंप हाताशी असू द्या. खाणं दिल्यावर लगेच वीज गेली तर पाण्यातला ऑक्सिजन नेहमीपेक्षा लवकर उतरतो.

---

भरती_ओहोटी

ताई, एक राहिलं. आर्टेमिया घरी उबवणार असाल तर १ ग्रॅम अंडी प्रति लिटर, २६ ते २८ अंश, जोरदार हवा आणि दिवा चालू. चोवीस तासांच्या आसपास पिल्लं निघतात. हवा थांबवून दहा मिनिटं ठेवा: टरफलं वर, पिल्लं खाली प्रकाशाकडे. खालून नळीने काढून घ्या, धुवा आणि त्याच दिवशी वापरा, कारण पोटातला साठा वेगाने संपतो. दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची असतील तर कात टाकल्यावर, म्हणजे निघाल्यानंतर साधारण बारा तासांनी, त्यांना शैवाल द्या. त्याआधी त्यांचं तोंड उघडलेलंच नसतं. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका, ती सन कोरलच्या तोंडात जातात आणि पचत नाहीत.